क्लायंट म्हणतो यूएसडीसीत पैसे घे – मेटामास्क पहिल्यांदाच टाकलंय, काय काय सांभाळायचं?

रंकाळा_पिक्सेल

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, लोगो आणि पॅकेजिंग डिझाइनचं फ्रीलान्स काम करतो. बाहेरचा एक क्लायंट आहे, चार महिने झाले त्याचं काम करतोय, माणूस चांगला आहे पैसे वेळेवर देतो. आता तो म्हणतोय की इथून पुढं यूएसडीसीमध्ये, म्हणजे डॉलरच्या भावाच्या डिजिटल नाण्यात पैसे देतो, पॉलिगॉन नावाच्या क्रिप्टो नेटवर्कवर, तुझा वॉलेट ॲड्रेस पाठव. पहिलं बिल ३०० यूएसडीसीचं आहे. मला क्रिप्टोतलं ओ की ठो कळत नाही, ट्रेडिंग वगैरे करायचं नाही, फक्त पैसे घ्यायचे आणि रुपये करून बँकेत टाकायचे.

काल रात्री बसून क्रोममध्ये मेटामास्क हे क्रिप्टो वॉलेटचं एक्स्टेन्शन टाकलं, त्या कोल्ह्याचं चित्र आलं, पासवर्ड ठेवला, मग १२ इंग्रजी शब्द दाखवले आणि म्हणाले लिहून ठेवा. मी मोबाइलवर फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवला म्हणजे हरवायला नको. मग टेलिग्रामच्या एका ग्रुपवर विचारलं की पॉलिगॉन कसं जोडायचं, तर दोन मिनिटांत एकाचा पर्सनल मेसेज आला, डीपीला तोच कोल्हा, नाव मेटामास्क सपोर्ट, म्हणतोय तुमचं वॉलेट व्हॅलिडेट झालेलं नाही, या लिंकवर जाऊन १२ शब्द टाका. लिंक उघडली, पान एकदम ओरिजिनल दिसत होतं, पण शब्द टाकायच्या आधी लाइट गेली. खरंच लाइट गेली, बाकी काय नाही. सकाळी उठल्यावर वाटलं की आधी इथं विचारावं.

तर प्रश्न असे की ते व्हॅलिडेट करावं लागतं का, फोटो ठेवला तर चालतं का, आणि नुसता ॲड्रेस क्लायंटला दिला तर तो आपले पैसे काढू शकतो का? मित्र म्हणतो ब्राउझरमधलं वॉलेट म्हणजे उघड्यावर पैसे ठेवल्यासारखं. खरं काय ते सांगा.

कासवचाल

भावा, आधी महावितरणला पेढे दे.

व्हॅलिडेट वगैरे काही प्रकार नसतो. वॉलेट सिंक करा, रेक्टिफाय करा, मायग्रेट करा, नाव काही असो, शेवटी १२ शब्द मागतात म्हणजे चोर. मेटामास्कवाले स्वतःहून कुणाला टेलिग्रामवर मेसेज करत नाहीत. तो अकाउंट ब्लॉक कर आणि रिपोर्ट कर, त्याच्याशी बोलत बसू नको, शिव्या पण देऊ नको, वेळ जातो.

आता मेन गोष्ट. जे वॉलेट काल बनवलंस ते फेकून दे. त्यात अजून एक रुपया पण नाहीये ना, मग फुकटात सुटलास. त्या १२ शब्दांचा फोटो गॅलरीत आहे, गॅलरीचा बॅकअप गूगल फोटोजवर जात असणार, व्हॉट्सॲपचा वेगळा बॅकअप, लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब उघडं असेल तर तिथं पण. म्हणजे एक फोटो चार ठिकाणी. उद्या तुझं जीमेल कुणाच्या हाती गेलं की वॉलेट पण गेलं. आणि फोटोतलं अक्षर वाचून शब्द शोधणारी मालवेअर ॲप्स पण निघालीत, त्यामुळं माझ्या गॅलरीत कोण बघतंय असं म्हणू नको. फोटो डिलीट करून तेच वॉलेट वापरायचा मोह होईल, नको करू, नवीन बनवायला पाच मिनिटं लागतात.

पासवर्ड आणि १२ शब्द यातला फरक लोकांना कळत नाही म्हणून जरा सांगतो. तुझी नाणी मेटामास्कमध्ये नसतातच, ती चेनवर, म्हणजे ब्लॉकचेन या सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदवहीत असतात, मेटामास्क फक्त किल्ली सांभाळतं. पासवर्ड हा फक्त त्या लॅपटॉपवरच्या त्या ब्राउझरमधलं कुलूप आहे. दुसऱ्या मशीनवर तो पासवर्ड काही कामाचा नाही. आणि १२ शब्द म्हणजे खुद्द मालकी, ते ज्याच्याकडे तो मालक, त्याला तुझा लॅपटॉप नको, पासवर्ड नको, ओटीपी नको. सातबारा हरवला तर निदान तलाठ्याकडून परत निघतो, हे निघत नाही. मेटामास्क बनवणाऱ्या कंपनीकडे पण नसतात ते शब्द.

आता नवीन कसं करायचं. क्रोममध्ये फक्त यासाठी एक वेगळं प्रोफाइल बनव, त्यात दुसरं कुठलंच एक्स्टेन्शन नको, कूपन शोधणारं नको, फुकट पीडीएफ करणारं तर अजिबात नको, कारण पानावरचं सगळं वाचायची परवानगी घेऊन बसलेली असतात ही एक्स्टेन्शन. मग मेटामास्क डॉट आयओ हा पत्ता हातानं टाइप कर आणि तिथल्या बटणावरून स्टोअरला जा. गूगलवर सर्च करून पहिली लिंक दाबू नको, वरती प्रायोजित लिहिलेली जाहिरात असते आणि त्यात हुबेहूब नकली साइट्स येऊन गेल्यात, एखादं अक्षर इकडचं तिकडं असतं, लक्षात पण येत नाही. हल्ली गूगल किंवा ॲपलच्या अकाउंटनं वॉलेट उघडायचा पर्याय पण देतात, सोपा आहे, पण मग तुझं वॉलेट त्या अकाउंटवर आणि पासवर्डवर टांगलेलं राहतं, तो पासवर्ड विसरलास तर बोंबला. मी तरी जुन्या पद्धतीचाच घेतो.

शब्द कागदावर लिही. बॉलपेननं. नंबर घालून, क्रम बदलला तर उपयोग नाही. दोन कागद, दोन वेगळ्या घरांत. आणि ही पुढची पायरी कुणी करत नाही पण तू कर: पैसे यायच्या आधी दुसऱ्या ब्राउझरमध्ये, समजा फायरफॉक्समध्ये, मेटामास्क टाक आणि कागदावर बघून शब्द भर. ०एक्स नं सुरू होणारा तोच ४२ अक्षरांचा ॲड्रेस दिसला की समजायचं कागद बरोबर उतरलाय. मग फायरफॉक्समधलं काढून टाक. वॉलेट रिकामं असतानाच ही परीक्षा घ्यायची, पैसे आल्यावर हात कापतात.

ॲड्रेस क्लायंटला बिनधास्त दे, ॲड्रेसवरून कुणी पैसे काढू शकत नाही. फक्त एवढंच की त्या ॲड्रेसवर किती शिल्लक आहे, कुठून आलं, कुठं गेलं ते सगळं जगाला दिसतं. ३०० देणाऱ्या क्लायंटला तुझा दुसरा क्लायंट ७०० देतो हे पण दिसेल. मला तर क्लायंटगणिक वेगळा ॲड्रेस बरा वाटतो, त्याच वॉलेटमध्ये नवीन अकाउंट जोडता येतो. फक्त ती अकाउंट्स एकाच १२ शब्दांतून निघतात, त्यामुळं शब्द गेले तर सगळीच जातात हे पण डोक्यात ठेव.

बोरीबंदर_फास्ट

अरे एवढं कशाला. कुठल्यातरी भारतीय एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो घ्यायच्या-विकायच्या ॲपवर केवायसी करायचं, तिथलाच डिपॉझिट ॲड्रेस क्लायंटला द्यायचा, पैसे आले की विकायचे, बँकेत. मेटामास्कची गरजच काय? १२ शब्द नाही कागद नाही झंझट नाही.

कासवचाल

@बोरीबंदर_फास्ट हे पण चालतं, खोटं नाही बोलत. महिन्याला एक बिल असेल तर कदाचित हेच सोपं. पण दोन गोष्टी. सगळी एक्स्चेंज सगळ्या नेटवर्कवरची नाणी घेत नाहीत, ॲपमध्ये फक्त इथेरियम या दुसऱ्या नेटवर्कचा ॲड्रेस दाखवत असतील आणि क्लायंटनं पॉलिगॉनवरून पाठवले तर पैसे मधेच लटकतात, सपोर्टच्या मागं फिरत बसा. दुसरं म्हणजे तिथं पैसे पडून ठेवायचे नाहीत, आले की काढायचे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून साधारण २३ कोटी डॉलरची चोरी झाली, आणि त्यानंतर लोकांना आपलेच पैसे काढायला किती वाट बघावी लागली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. एक्स्चेंज हे एसटी स्टँड आहे, राहायचं घर नाही.

जोशीकाका_रत्नागिरी

मी ६४ वर्षांचा निवृत्त माणूस, चिरंजीवांच्या नादानं या भानगडीत पडलो. कागदाबद्दल माझा अनुभव लिहितो, हसू नका.

२०२१ साली वॉलेट काढलं तेव्हा शब्द लिहून घेतले ते मी देवनागरीत. सवयच तशी, आयुष्यभर हिशेब मराठीत. कागद दुमडून लोखंडी कपाटात, हिच्या पैठणीच्या घडीत. दोन पावसाळे गेले. मग लॅपटॉप बिघडला, नवीन घेतला, कागद काढला. एक तर जेल पेननं लिहिलेलं, आमच्याकडची दमट हवा, तीन शब्दांची शाई फुटलेली. ते भिंगानं लागले. पण खरी गंमत पुढं. चौथा शब्द मी लिहिलेला 'राइट'. आता हा उजव्या हाताचा राइट का लिहिण्याचा राइट? शब्दांची जी २०४८ ची यादी आहे त्यात दोन्ही आहेत! नववा शब्द 'वेअर'. कपडे घालतात ते वेअर का 'कुठे' या अर्थाचं? ते पण दोन्ही यादीत.

मुलगा म्हणाला बाबा दोन गुणिले दोन, चारच शक्यता, घाबरू नका. शेवटच्या शब्दात म्हणे पडताळा दडलेला असतो, चुकीचा संच टाकला तर बहुतेक वेळा ते यंत्रच म्हणतं की हे शब्द बरोबर नाहीत. तिसऱ्या खेपेला उघडलं. त्या पंधरा मिनिटांत माझं जे काय झालं ते मलाच माहीत, ही चहा घेऊन आली होती तो तसाच गार.

तेव्हा शब्द इंग्रजीतच, कॅपिटल अक्षरांत, सुटं सुटं लिहा. यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी असतात, निदान तेवढी तरी स्वच्छ यावीत. कोकणात राहत असाल तर प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत ठेवा. स्टीलची पट्टी मिळते अक्षरं ठोकायची, मी ती नंतर घेतली. आणि घरात निदान एका माणसाला सांगून ठेवा की कागद कशाचा आहे, नाहीतर रद्दीत जाईल.

रंकाळा_पिक्सेल

काका __/\__ हसलो थोडं पण घाम पण फुटला.

@कासवचाल दादा, केलं सगळं. नवीन प्रोफाइल, नवीन वॉलेट, शब्द दोन कागदांवर इंग्रजीतच, एक आमच्याकडं आणि एक इचलकरंजीला बहिणीच्या घरी ठेवणार, ताईला सांगितलं तर म्हणाली कसली गुप्त पत्रं ठेवतोस रे. फायरफॉक्सवाली परीक्षा पण घेतली, पहिल्या वेळी चुकलीच, सातवा आणि आठवा शब्द उलटसुलट उतरवलेले. म्हणजे काल तसंच ठेवलं असतं तर कागद निरुपयोगी होता.

आता अजून दोन शंका. मेटामास्क उघडल्यावर इथेरियम दिसतंय, पॉलिगॉन वेगळं वॉलेट काढावं लागतं का? आणि क्लायंट म्हणतोय गॅससाठी थोडं काहीतरी ठेव, ते काय?

कासवचाल

उलटसुलट सापडलं ना, बास, जिंकलो.

वेगळं वॉलेट नको. इथेरियम, पॉलिगॉन, आर्बिट्रम, बेस, या सगळ्यांवर ॲड्रेस तोच राहतो, फक्त नेटवर्क बदलायचं. मेटामास्कच्या नेटवर्कच्या यादीत पॉलिगॉन आधीच आहे, तिथूनच निवड, चेन आयडी, म्हणजे नेटवर्कचा नंबर, १३७ दिसायला हवा. कुठल्याशा अनोळखी साइटवर नेटवर्क जोडा असं बटण असतं ते दाबायचं नाही. पॉलिगॉन म्हणजे २०१७ ला मॅटिक नावानं आपल्याच देशातल्या पोरांनी सुरू केलेलं, हे उगाच माहितीसाठी.

गॅस म्हणजे व्यवहाराची फी, आणि ती सहसा त्या चेनच्या स्वतःच्या नाण्यातच द्यावी लागते. पॉलिगॉनवर ते नाणं पीओएल, २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत त्याला मॅटिक म्हणायचे, जुने यूट्यूब व्हिडिओ बघशील तर तेच नाव ऐकू येईल. यूएसडीसी यायला तुला काही लागत नाही, फी पाठवणारा देतो. पण तुझ्याकडून पुढं पाठवायचे म्हटलं की पीओएल हवं. नवीन माणूस इथंच अडकतो, वॉलेटमध्ये ३०० डॉलर दिसतायत आणि हलवता येत नाहीत कारण दहा पैशांचं पीओएल नाही. बसमध्ये चढला आणि खिशात पाचशेची नोट, कंडक्टर म्हणतो सुट्टे द्या, तसलं. थोडं, अगदी वीस-पंचवीस रुपयांचं पीओएल एक्स्चेंजवरून घे आणि पॉलिगॉन नेटवर्क निवडून आपल्या ॲड्रेसवर पाठव, पॉलिगॉनवर फी इतकी कमी असते की ते बरेच दिवस पुरेल. फक्त एक्स्चेंज काढू देतं का आणि कमीत कमी किती काढता येतं ते आधी बघ, काही ॲपमध्ये नाणी विकत घेता येतात पण बाहेर काढता येत नाहीत.

अजून एक बारीक मुद्दा. पॉलिगॉनवर यूएसडीसी दोन प्रकारचं फिरतं. एक यूएसडीसी काढणाऱ्या सर्कल कंपनीचं थेट, आणि एक जुनं, इथेरियमवरून पुलावरून आणलेलं, त्याच्या नावापुढं डॉट ई असतं. दोन्हीची किंमत जवळपास तीच पण टोकन वेगळं. तुझं एक्स्चेंज कुठलं घेतं ते बघ आणि क्लायंटला तसं स्पष्ट लिही. आणि ३०० एकदम मागवू नको, आधी ५ पाठव म्हण. ५ आले, ते एक्स्चेंजला गेले, विकले, बँकेत रुपये दिसले, मग बाकीचे. क्लायंट चांगला असेल तर काही म्हणणार नाही.

तिखट_मिसळ

सगळे कागदाबद्दल बोलताय पण माझा कागद एकदम सुरक्षित होता आणि तरी पैसे गेले, म्हणून लिहिते.

मी पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे लोकांच्या चुका शोधायचा पगार घेते, आणि स्वतः काय केलं बघा. एक दिवस वॉलेटमध्ये आपोआप एक टोकन आलं, किंमत दाखवत होतं १४ हजार रुपये, नावातच वेबसाइटचा पत्ता. मला वाटलं एअरड्रॉप, म्हणजे फुकट वाटलेली नाणी, काहीतरी जुनं वापरलं होतं त्याचं बक्षीस असेल. साइटवर गेले, कनेक्ट वॉलेट दाबलं, इथपर्यंत खरं तर काही बिघडत नाही, कनेक्ट केल्यावर त्यांना फक्त ॲड्रेस दिसतो. मग क्लेम दाबलं. मेटामास्कची खिडकी उघडली, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, एक कान तिकडं, वाचलंच नाही, कन्फर्म. ती क्लेम नव्हती, ती अप्रूव्हल होती. म्हणजे मी माझ्या हातानं त्यांच्या कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे चेनवरच्या प्रोग्रामला परवानगी दिली की माझ्या वॉलेटमधले यूएसडीटी (हे पण डॉलरच्या भावाचं नाणं) तुम्ही हवे तेव्हा, हवे तेवढे उचला. मीटिंग संपायच्या आत ४१ हजार रुपये गेले. १२ शब्द कुणाला दिले नाहीत, पासवर्ड दिला नाही, हॅक पण झालं नाही. मी सही केली, बस.

तर ती खिडकी वाचायची. त्यात खर्चाची मर्यादा लिहिलेली असते, कितीतरी वेळा ती अमर्याद भरून येते, ती बदलून जेवढं लागतंय तेवढंच टाकता येतं. आणि नुसती सिग्नेचर मागतात, गॅस लागत नाही, त्यालाही फुकट समजू नका, परमिट नावाची सही असते ती पण पैसे उचलायची परवानगीच असते, फक्त गॅस लुटणारा भरतो. मेटामास्क हल्ली लाल पट्टी दाखवतं संशयास्पद व्यवहार असेल तर, पण ती नाही दिसली म्हणजे सगळं आलबेल असं पण नाही.

एकदा परवानगी दिली की साइट डिसकनेक्ट करून ती जात नाही, हे मला नंतर कळलं. रिव्होक डॉट कॅशवर किंवा इथरस्कॅन, पॉलिगॉनस्कॅन या चेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइट्सवर टोकन अप्रूव्हल बघायची सोय असते, तिथून रद्द करावी लागते, थोडा गॅस जातो. मी आता महिन्यातून एकदा गॅसचं बुकिंग करते तेव्हाच हे पण बघते, दोन्ही गॅस एकदम :D

रंकाळा, तुला तर फक्त पैसे घ्यायचे आणि पाठवायचेत, म्हणजे तुला कुठल्याच साइटला कनेक्ट करायची गरजच नाही. कुणी कनेक्ट कर म्हणालं की समजून जा. आणि आपोआप आलेल्या टोकनला हात लावायचा नाही, ते विकायला पण जायचं नाही, लपवून टाक.

बोरीबंदर_फास्ट

तक्रार केली होती का ताई? काही झालं?

तिखट_मिसळ

केली. १९३० ला फोन लावला, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर व्यवहाराचा हॅश (म्हणजे त्याचा ओळख नंबर), दोन्ही ॲड्रेस, स्क्रीनशॉट सगळं टाकलं. बँकेतून बँकेत गेलेले पैसे लवकर कळवले तर गोठवता येतात, इथं मध्ये बँकच नाही, पैसे दहा मिनिटांत चार वॉलेट फिरून गेले. तक्रार नंबर आहे, पैसे नाहीत. तरी तक्रार करावी, चोरानं कधी एखाद्या केवायसीवाल्या एक्स्चेंजला पैसे नेले तर धागा लागतो. आणि हो, त्यानंतर आठवडाभर मला मेसेज येत होते, आम्ही गेलेले क्रिप्टो परत मिळवून देतो, आधी फी भरा. ते त्याच चोरांचे मावसभाऊ.

हिशेबवही

वॉलेटचं सगळं झालं, आता पैशांच्या कागदपत्रांचं थोडं, कारण याचा प्रश्न मार्चनंतर येतो आणि तेव्हा कुणाला काही आठवत नसतं. मी लोकांची रिटर्न भरतो.

तुम्हाला ३०० यूएसडीसी ज्या दिवशी आले त्या दिवशीचा रुपयातला भाव ही तुमची व्यवसायाची कमाई, नेहमीच्या स्लॅबनं. मग ते विकताना त्या भावापेक्षा जास्त मिळाले तर वरच्या फरकावर ३० टक्के आणि वर सेस, हा नियम एप्रिल २०२२ पासून आहे. फरक किरकोळ असतो यूएसडीसीत, पण तोटा झाला तर तो दुसऱ्या कशातून वजा होत नाही. विकताना एक्स्चेंज १ टक्का टीडीएस कापतं, तो तुमच्या नावावर दिसतो, रिटर्नमध्ये मागून घ्यायचा, विसरू नका. रिटर्नमध्ये याचं वेगळं परिशिष्ट आहे, व्हीडीए (आभासी डिजिटल मालमत्ता) नावाचं, तिथं तारीखवार भरावं लागतं. म्हणून एक साधी वही करा: तारीख, बिल नंबर, किती आले, त्या दिवशीचा भाव, व्यवहाराचा हॅश, कधी विकले, किती मिळाले.

आता माझं मत विचाराल तर क्लायंट बँकेतून पाठवायला तयार असेल तर तेच घ्या. बँकेतून परकीय चलन आलं की बँक कागद देते, एफआयआरसी, यूएसडीसीला तो मिळत नाही, आणि तुम्ही उद्या जीएसटीत गेलात तर निर्यात म्हणून दाखवताना तोच कागद लागतो. एकदा प्रत्यक्ष सीएला विचारून घ्या, इथं वाचून ठरवू नका. आणि काही झालं तरी रुपये करताना ओळखीपाळखीच्या माणसाला टेलिग्रामवर विकू नका, दोन रुपये भाव जास्त देतो म्हणून. समोरच्यानं तुमच्या खात्यात टाकलेले पैसे कुणाच्यातरी फसवणुकीचे निघाले तर तुमचं खातं गोठतं, आणि मग दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याचं पत्र येतं. माझ्याकडे असे दोघं आहेत, एकाचं खातं सात महिने बंद होतं, घराचा हप्ता त्याच खात्यातून. एफआययू या सरकारी आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवरच विका.

रंकाळा_पिक्सेल

@हिशेबवही साहेब, क्लायंटला विचारलं, तो म्हणतो पुढच्या तिमाहीपासून बँकेतून देऊ शकतो, तोपर्यंतची दोन बिलं अशीच. म्हणजे ६०० चा विषय आहे. वही केली, एक्सेल नाही, खरंच वही.

अपडेट: ५ यूएसडीसी आले! पॉलिगॉनस्कॅनवर बघितलं, डॉट ई वालं नाही, थेट वालंच आहे. पीओएल पण घेतलं. पण आता एक विचित्र झालंय. पाच आल्यानंतर थोड्या वेळानं यादीत अजून एक व्यवहार दिसतोय, शून्य रकमेचा. ॲड्रेस क्लायंटचाच वाटतोय, सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं तीच. मी त्याला विचारलं तर म्हणतो मी एकदाच पाठवले. वॉलेट बिघडलं का?

कासवचाल

नाही बिघडलं, तुला पहिला डास चावला एवढंच.

त्या दोन्ही ॲड्रेसची मधली अक्षरं ताडून बघ.

रंकाळा_पिक्सेल

आयला. पुढची चार आणि मागची चार सेम, मधलं सगळं वेगळं!!

कासवचाल

तेच. याला ॲड्रेस पॉयझनिंग म्हणतात. चेनवर सगळं उघड असतं ना, बॉट बसलेले असतात, तुझा कुणाशी व्यवहार झाला की त्याच्यासारखा दिसणारा ॲड्रेस तयार करून तुझ्या यादीत शून्याचा नाहीतर पैशाअडक्याचा व्यवहार टाकून ठेवतात. आशा एवढीच की पुढच्या वेळी तू पाठवताना यादीतून कॉपी करशील, आणि वॉलेट तर ॲड्रेस मधून कापूनच दाखवतं, कळणार कसं. मे २०२४ मध्ये एकानं असंच ११५५ रॅप्ड बिटकॉइन (बिटकॉइनच्या भावाचं टोकन) चुकीच्या ॲड्रेसला पाठवले, जवळपास सात कोटी डॉलर. त्याला चोराशी बोलणी करून बरेचसे परत मिळाले ते नशीब, तुझ्या ३०० साठी कोण बोलणी करणार.

तुझे पैसे सुखरूप आहेत, त्या व्यवहाराला काही करायचं नाही, फक्त यादीतून ॲड्रेस कधीच कॉपी करायचा नाही. एक्स्चेंजचा डिपॉझिट ॲड्रेस दर वेळी एक्स्चेंजच्या ॲपमधूनच घे, किंवा एकदा पाच डॉलर पाठवून पक्का झाला की मेटामास्कच्या काँटॅक्टमध्ये नाव देऊन सेव्ह कर. आणि पेस्ट केल्यावर मधली चार-पाच अक्षरं पण वाच, क्लिपबोर्डवरचा ॲड्रेस बदलणारी मालवेअर पण असतात.

आता ते ५ एक्स्चेंजला पाठव आणि सांग.

रंकाळा_पिक्सेल

पाठवले. मोठ्यानं वाचून, आईला स्क्रीन दाखवून, मी लॅपटॉपवरची अक्षरं म्हणतोय आणि ती मोबाइलवर बोट ठेवून बघतेय, तिला वाटलं मी परीक्षेला बसलोय. चौदाव्या अक्षराला म्हणाली हा बी आहे का आठ? बी होता. एक्स्चेंजवर पाच मिनिटांत दिसले, विकले, टीडीएस कापून रुपये खात्यात.

क्लायंटला मेसेज टाकलाय, बाकीचे २९५ पाठव म्हणून.

जोशीकाका_रत्नागिरी

आईसाहेबांना नमस्कार सांगा. बहिणीकडचा कागद झिपच्या पिशवीत घातला का?

रंकाळा_पिक्सेल

काका रविवारी जातोय इचलकरंजीला, पिशवी घेतलीय.